सकाळचा पहिला थेंब

४ ऑगस्ट

दैनंदिनी लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. कोणाची मागते ते नीट सांगता येणार नाही, कारण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. पण ज्यांच्या दिवसांत काही घडते त्यांनी दैनंदिनी लिहावी, अशी माझी समजूत आहे. माझ्या दिवसांत आजवर केवळ परीक्षा घडल्या, आणि त्यांची नोंद गुणपत्रिकेत परस्पर होत गेली.

आजपासून मी मामांच्या कंपनीत नोकरीला लागले. हुद्दा 'भाषा व दस्तऐवज साहाय्यक'. विज्ञानाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवूनही मुलाखतींत माझे तोंड उघडत नसे. सगळे शिक्षण मातृभाषेतून झालेले. समोरचा इंग्रजीत बोलू लागला की उत्तर ठाऊक असूनही आधी घाम फुटे. मामा म्हणाले, "तुला बोलायचं नाहीच आहे. लिहायचंय." या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

बाबा गेल्यापासून आई आणि मी मामांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहतो. घरी ते मामा, कंपनीत 'साहेब'. आज जिन्यात चुकून "मामा" अशी हाक मारली, तेव्हा दोन-तीन अभियंते एकदम वळून पाहू लागले. त्यानंतर दिवसभरात मी कोणाशीही एक पुरते वाक्य बोलले नाही. डबा खाताना पुस्तक उघडून बसले. पान एकच वाचले, पण फार वेळ.

१३ ऑगस्ट

मामांचे यंत्र काय करते ते आज पूर्ण समजले. ते थेंब टाकते. आईला एवढेच सांगितले तर ती म्हणाली, "थेंब काय, आपला मोरीतला नळही टाकतो." परंतु हा थेंब मिठाच्या कणाएवढा असतो, आणि पहिला व लाखावा अगदी सारखा असावा लागतो. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्त कार्डावर ठिपक्यासारखे वाळवतात. त्यावर यंत्र चाचणीचे रसायन मोजून सोडते. रंग चढला, तर बाळाची थायरॉइड ग्रंथी नीट काम करीत नाही असे समजायचे. हे वेळेवर कळले तर रोजची एक बारीक गोळी पुरते. उशीर झाला तर मुलाची बुद्धी खुंटते, आणि ती कोणत्याही गोळीने परत येत नाही.

पुढील जानेवारीत एका मोठ्या संस्थेकडून मामांचा सन्मान होणार आहे. त्यासाठी त्यांच्या कारकिर्दीचा परिचय मी लिहायचा आहे. ते सांगत गेले, मी टिपत गेले. तरुणपणी ते कार्यालयांतील छपाईयंत्रे दुरुस्त करीत. शाई उडवणारे ते इवलेसे डोके हातात धरून बसले असता त्यांना सुचले, की शाईच्या जागी चाचणीचे रसायन घातले तर? घरच्यांनी वेड्यात काढले. पहिल्या शोधाचे पेटंट भागीदारांनी आपल्या नावावर करून घेतले आणि यांना दार दाखवले. दुसऱ्यावर खटला चालला, आणि तो जिंकेपर्यंत शोधच जुना झाला. तिसरे हे. इतरांची यंत्रे रात्रभर बंद राहिली की नळीच्या तोंडाशी रसायन सुकते. म्हणून सकाळी ती आधी महागडे रसायन सांडून टाकतात आणि मग कामाला लागतात. मामांच्या यंत्राला त्याची गरज नाही. हाच त्यांचा शोध.

परिचयाचे शीर्षक मी भीत भीत सुचवले: 'एक थेंबही वाया नाही'. मामांनी ते दोनदा वाचले आणि जाहिरातीतही घेतले. आज घरी येताना मी बहुधा हसत होते, कारण शेजारीण विचारू लागली, काही बातमी आहे का.

२६ ऑगस्ट

यंत्राची वापरपुस्तिका लिहीत आहे. जुळणी विभागाचे प्रमुख मला एकेक कृती सांगतात. त्यांना सगळे 'गंभीर' म्हणतात, कारण ते कधीही गंभीर नसतात. माझा मजकूर वाचून म्हणाले, "ताई, इतकं शुद्ध लिहू नका. मशीन घाबरेल."

त्यांच्या विभागात एक गमतीची रीत पाहिली. सकाळी येणारा प्रत्येक अभियंता खुर्चीत टेकण्यापूर्वी यंत्राच्या बाजूचे एक बटण अंगठ्याने दाबतो. काही जण तर हातातला चहाचा पेला खाली न ठेवता. यंत्र काही थेंब थुंकते आणि गप्प बसते. हे काय, असे मी विचारले.

"खाकरतंय," गंभीर म्हणाले. "रात्रभर घसा बसलेला असतो ना. साहेबांसारखंच."

विक्रीच्या यंत्रावर ते बटण ठेवलेले नाही. तिथे रिकामे कार्ड ठेवून एक फेरी घेतली की तेच काम होते, असे त्यांनी सांगितले. मी ती चौथी कृती म्हणून लिहिली: 'प्रतिदिनी सकाळी प्रथम रिकाम्या कार्डावर एक फेरी घ्यावी; ते कार्ड टाकून द्यावे.'

संध्याकाळी मामांनी पुस्तिका तपासली. सगळीकडे 'छान' असा शेरा, केवळ चौथ्या कृतीवर आडवी रेघ. "हे लिहायचं नाही. मशीन खाकरतं असं वाचलं की ते म्हातारं वाटतं. आणि लेखकाला काय गाळावं तेही कळायला हवं." त्यांचे म्हणणे पटले. ती कृती काढल्यावर पानाला खरोखरच एक सुटसुटीतपणा आला. इतकी वर्षे निबंधांत मी शब्द भरत राहिले. गाळण्याची कला मला एका अभियंत्याने शिकवावी, याचे नवल वाटते.

२ सप्टेंबर

पुस्तिका छापून आली. आतल्या पानावर 'लेखन' या शब्दापुढे माझे नाव आहे. आईने पुस्तिका ते पान उघडून आरशाजवळ उभी करून ठेवली आहे.

१ डिसेंबर

तीन महिने वही उघडली नाही. लिहिण्याजोगे काही नव्हते. यंत्रे निरनिराळ्या प्रयोगशाळांत पोचली, आणि माझे दिवस पुस्तिका पाठवण्यात व शंकांना उत्तरे देण्यात गेले. शंका मात्र फार साध्या असतात. एकाने विचारले, यंत्र पुसायला कोणते फडके?

आजचा फोन निराळा होता. एका बालरुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील डॉक्टरबाई बोलत होत्या. सप्टेंबरात जन्मलेल्या एका मुलीचा अहवाल त्यांनी आपल्या यंत्रावरून 'निर्दोष' दिला होता. आता ती अडीच-तीन महिन्यांची आहे, फार झोपते, रडण्याचा आवाज घोगरा आहे. हाताने पुन्हा चाचणी केली तर दोष स्पष्ट निघाला. बाईंचा स्वर रागाचा नव्हता. त्या म्हणाल्या, "मला भांडायचं नाहीये. नक्की कुठे चुकलं तेवढं शोधून द्या."

मी धावत मामांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तराचा मसुदा तोंडी सांगितला: रक्ताचा ठिपका पुरेसा वाळण्यापूर्वीच कार्ड पाकिटात घातले गेले असावे. असे खरेच घडते. मी पुस्तकात वाचले आहे. मी ते सौम्य व सभ्य भाषेत लिहून पाठवले. 'असावे' या शब्दावर मामांनी किंचित विचार केला आणि तो तसाच राहू दिला.

५ डिसेंबर

मला बढती मिळाली. 'पडताळणी अधिकारी'! आधीचे अधिकारी अचानक सोडून गेले, त्यांची जागा. यापुढे यंत्रांविषयीच्या प्रत्येक कागदावर आणि ग्राहकांना जाणाऱ्या प्रत्येक सूचनेवर माझी सही लागेल. मी मामांना म्हटले, की मला अनुभव नाही. ते म्हणाले, "तू घरची आहेस. अनुभवापेक्षा ते मोलाचं."

आईला बातमी सांगताना तिचे डोळे भरून आले. मामी मात्र जिन्यात भेटल्या तेव्हा उगाचच म्हणाल्या, "सही करण्यापूर्वी वाचत जा हं." मला हसू आले. वाचणे हीच तर माझी एकमेव सवय आहे.

९ जानेवारी

डॉक्टरबाईंचा पुन्हा फोन. माझ्या पत्रामुळे, ज्या परिचारिकेने त्या मुलीचे रक्त घेतले होते तिला कामावरून काढण्यात आले. पंधरा-सोळा वर्षांची नोकरी होती. "ती शपथेवर सांगते की कार्ड वाळलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि मला तिचं खरं वाटतं." मग त्यांनी सांगितले, की आणखी एक बाळ निघाले आहे. आधी 'निर्दोष', आता दोषी. दोन्ही कार्डांत साम्य म्हणाल तर एकच: दोन्ही त्या-त्या दिवशी सकाळी सर्वांत आधी यंत्रात घातली होती.

मी "पाहते" एवढेच म्हणाले.

१२ जानेवारी

मला सुचले ते अगदी बाळबोध होते. माझी पुस्तिका हातात घ्यावी, आणि तिच्यात लिहिले आहे तेवढेच करावे. एक शब्द अधिक नाही, एक शब्द कमी नाही.

सकाळी कोणी येण्यापूर्वी चाचणीच्या खोलीत विक्रीचे एक यंत्र घेऊन बसले. रसायनाच्या जागी गडद निळे पाणी भरून शनिवारीच ठेवून दिले होते. पहिली कृती, दुसरी, तिसरी. नंतर कार्ड. नंतर दुसरे कार्ड, आणि तिसरे.

मापनयंत्राची गरजच पडली नाही. पहिल्या कार्डावरचा निळा रंग धुऊन काढल्यासारखा फिका होता. दुसऱ्यावर तो स्थिरावला, तिसरे दुसऱ्यासारखेच. मी यंत्र दिवसभर बंद ठेवले आणि संध्याकाळी पुन्हा तेच केले. पुन्हा पहिले कार्ड फिके. मग रिकाम्या कार्डावर एक फेरी घेऊन पाहिले. त्यानंतरचे पहिलेच कार्ड पुरते निळे आले.

म्हणजे नळीच्या तोंडाशी रसायन सुकते. इतरांच्या यंत्रात सुकते तसेच. रसायन कमी पडले की रंग कमी चढतो, आणि कमी रंग म्हणजे निरोगी बाळ. आपल्या इथे हे आजवर कोणाच्या दृष्टीस पडले नाही, कारण आपल्या इथे प्रत्येक जण बसण्यापूर्वी अंगठ्याने एक बटण दाबतो, आणि आपण काही केले असे त्याला वाटतच नाही. शोध लागला त्या दिवसापासून या इमारतीत कोणी सकाळचा पहिला थेंब मोजलेलाच नाही.

एका माणसाला मात्र ते ठाऊक होते. त्याने आडवी रेघ मारली होती. आणि मी तिला कला समजले.

१३ जानेवारी

गंभीरना तीन कार्डे दाखवली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. "अहो, खाकरल्याशिवाय चालवलंत होय? तसं कोण चालवतं?"

"सगळेच," मी म्हणाले. "पुस्तिकेत ती कृती नाही."

"मी तर सांगितली होती तुम्हाला."

"साहेबांनी खोडली."

त्यांच्या चेहऱ्यावरचे नेहमीचे मिस्कील हसू हळूहळू मिटत गेले. कार्डे माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "मग मला काही माहीत नाही, ताई. हे तुम्ही मला दाखवलंही नाही." आणि जुळणीच्या टेबलाकडे निघून गेले. दुपारी त्यांनी चहा पाठवला. मी घेतला नाही.

१८ जानेवारी

आज रविवार, मामा घरी होते. वरच्या दिवाणखान्यात मामी त्यांच्या नव्या कोटाची बाही मापून पाहत होत्या. सन्मानाला चार दिवस उरले आहेत. मी कार्डे टेबलावर मांडली. मामींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मामांकडे पाहिले, आणि टाचण्या गोळा करून आत गेल्या.

मला वाटले होते मामा नाकारतील. मी त्या नकाराची उत्तरेही पाठ करून गेले होते. ती कामी आली नाहीत.

ते म्हणाले, की एक फार मोठी कंपनी आपली कंपनी विकत घेत आहे. सह्या पुढच्या महिन्यात. ते जे विकत घेत आहेत ते यंत्र नव्हे, पेटंट आहे. आणि पेटंटात असे लिहिले आहे की या नळीला सकाळी थेंब सांडावे लागत नाहीत. "पहिलं भागीदारांनी नेलं. दुसरं कोर्टात सडलं. हे एकच माझ्या नावाचं आहे. सह्या होऊ दे, मग पुढच्या आवृत्तीत तुझी चौथी कृती घाल. दोन ओळी घाल. मी काय कायमचं लपवतोय?"

"तोवर रोज सकाळचं पहिलं मूल?"

"रोज सकाळचं पहिलं मूल आजारी असतं का? हजारोंत एखादं निघतं."

"मामा, ते हजारोंतलं एखादंच शोधण्यासाठी आपण यंत्र केलं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. लहानपणी मी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून अवघड गणित सोडवले की ते असेच पाहत असत. नंतर म्हणाले, "पहिल्या येणाऱ्या पोरींचं हेच वाईट. उत्तर बरोबर आलं की पेपर संपला असं वाटतं." आणि मी उठल्यावर, कोटाची बाही झटकता झटकता: "एक लक्षात ठेव. पुस्तिका तुझी आहे. वाळलेल्या कार्डाचं पत्र तुझ्या सहीचं आहे. पडताळणी तुझ्याकडे आहे. उद्या कोणी विचारलं तर मला फक्त इतकंच सांगावं लागेल, की मी भाचीवर विश्वास ठेवला."

तेव्हा कुठे मला माझ्या बढतीचा अर्थ लागला. मामींना तो जिन्यातच लागला होता. मी मात्र आजवर प्रश्नपत्रिकेतले सगळे प्रश्न सोडवले, आणि ती काढणाऱ्याने ती कशासाठी काढली, हे एकदाही विचारले नाही.

२० जानेवारी

मामांनी आईला सांगितले असावे. मी घरी आले तेव्हा ती मामांचा समारंभाचा सदरा इस्त्री करीत होती आणि मान वर न करता बोलत राहिली. बाबांच्या आजारपणात तिच्या दादाने, म्हणजे मामांनी, काय केले, माझी पुस्तके कोणी आणली, हे घर कोणाचे. हे सारे मला पाठ आहे. मी त्या दोन बाळांविषयी सांगितले. ती ऐकत होती, कारण इस्त्री एकाच जागी थांबली होती.

"ती आपली कोण?" तिने विचारले. पण विचारल्यावर तिला स्वतःलाच ते बरे वाटले नसावे; तिने घाईने इस्त्री उचलली. मग म्हणाली, "मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही. त्याने न मागता दिलं. आता तूही दे त्याला, न मागता."

मी म्हटले, आपल्याला दुसरे घर पाहावे लागेल. ती म्हणाली, "आपल्याला नाही. तुला."

२१ जानेवारी

सूचना लिहून झाली. चार ओळींची आहे. तीत एकही सुंदर शब्द नाही.

'सर्व प्रयोगशाळांसाठी. रोज सकाळी, तसेच यंत्र काही तास बंद राहिल्यास, आधी रिकाम्या कार्डावर एक फेरी घ्या आणि ते कार्ड टाकून द्या. असे न केल्यास पहिल्या नमुन्यावर रसायन कमी पडते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. सप्टेंबरपासून रोज सकाळी पहिल्या तपासलेल्या प्रत्येक बाळाची चाचणी पुन्हा करा. ही कृती आम्हाला माहीत होती. पुस्तिकेतून ती वगळली, आणि पुस्तिका मी लिहिली आहे.'

बालरुग्णालयासाठी निराळी ओळ: कार्ड वाळलेले होते; परिचारिकेचा दोष नाही; माझे आधीचे पत्र खोटे ठरले आहे.

'आम्हाला' या शब्दाशी बराच वेळ झगडले. 'साहेबांना' लिहिले, खोडले. मला वाटते ते भीतीमुळे नव्हे. पण तसे खात्रीने सांगता येत नाही.

२२ जानेवारी

कार्यालय रिकामे आहे. सगळे समारंभाला गेले. आईसुद्धा, मामींच्या शेजारी बसून. डोके दुखते असे मी सांगितले, आणि कोणी आग्रह केला नाही.

ग्राहकांना सूचना पाठवण्याचा अधिकार पडताळणी अधिकाऱ्याला आहे. कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. मामांनीच ते नियम केले, दोष एकाच सहीपाशी थांबावा म्हणून.

पाठवण्यापूर्वी डॉक्टरबाईंना फोन केला. मी आजवर अनोळखी माणसाला आपणहून कधी फोन केलेला नाही. कारण सांगितले, सगळे, क्रमाने. त्यांनी मध्येच अडवले नाही. शेवटी परिचारिकेविषयी म्हणाल्या, की पत्र आले की त्या वरिष्ठांकडे जातील. जागा मात्र भरली गेली आहे. मी पहिल्या मुलीविषयी विचारले. गोळ्या सुरू केल्या आहेत, त्या म्हणाल्या. आता कमी झोपते, आईकडे पाहून हसते.

"म्हणजे भरून निघेल?"

"थोडं निघेल. किती गेलं ते आत्ता नाही सांगता येत." मग म्हणाल्या, "शाळेत जायला लागेल, तेव्हा कळेल."

मी सूचना पुन्हा वाचली. काही गाळण्यासारखे उरले नव्हते. खाली नाव लिहिले, पदनाम लिहिले.

सर्व प्रयोगशाळांना पाठवले: २२ जानेवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे.